निकाल नावाची फाइल

बुधवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी काढलेली फाइल अठरा हजार दोनशे चार बाइटची होती. गुरुवारी सकाळी तीच फाइल अठरा हजार दोनशे तीन बाइटची झाली होती.

फरक एका बाइटचा, म्हणजे एका अंकाचा. इतक्या बारीक फरकाकडे कुणी बघत नाही. मीही मुद्दाम बघत नाही, पण काढलेल्या प्रत्येक फाइलचा आकार वहीच्या समासात लिहायची मला सवय आहे. कॉलेजात तराजूवर काही ठेवण्याआधी रिकाम्या तराजूचा आकडा लिहून घ्यायला शिकवलं होतं. तराजू सुटला, सवय राहिली.

आमच्या प्रयोगशाळेत शहरातल्या नळांच्या पाण्यात शिसं किती आहे ते तपासतात. आठवड्याला दोनशे चाळीस नळ. यंत्र आपले आकडे परस्पर डेटाबेसमध्ये टाकतं आणि बुधवारी दुपारपर्यंत सगळे नळ पूर्ण होतात. डेटाबेसमधून मी यादी काढते आणि ती 'निकाल' या नावाच्या फाइलमध्ये उतरते. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत ती फाइल छापून, सही होऊन पाणीखात्याकडे जाते. आकडा दहाच्या वर असला की त्या नळाला कुलूप लागतं. दहा किंवा त्याखाली असला, तर लोक पाणी पीत राहतात.

फाइलचं नाव नेहमी तेच. नवी काढली की जुनीच्या डोक्यावर बसते आणि जुनी पुसली जाते. त्यामुळे बुधवारची फाइल आता कुठेच नव्हती. डेटाबेसमध्येही आकडा बदलला की आधीचा आकडा उरत नाही. तो राहावा अशी सोय करून घ्यायचं आमच्या बाई दरवर्षी ठरवतात.

बुधवारनंतर एकही नळ वाढला नव्हता की कमी झाला नव्हता. म्हणजे कुणीतरी दोन अंकी आकडा एक अंकी केला होता. दहाच्या वरचा दहाच्या खाली आणला होता. कोणता नळ, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी आकार लिहिते, आकडे पाठ करत नाही.

आकडा बदलायचा प्रोग्रॅम दोनच यंत्रांवर, म्हणजे संगणकांवर आहे, बाईंच्या आणि माझ्या. आणि आम्ही सगळेच डेटाबेसमध्ये शिरतो ते 'लॅब' या एकाच नावाने, एकाच पासवर्डने. घरात एकच चप्पलजोड असावी आणि ज्याला बाहेर जायचं त्याने ती पायात सरकवावी, तसं. चिखल कुणी आणला ते चपलेला विचारून उपयोग नाही.

आम्ही चौघं. बाई म्हणजे प्रमुख. मास्तर म्हणजे ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते, पण आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. निवृत्तीला त्यांना सहा आठवडे राहिले होते. तिसरे आवक-जावक, म्हणजे टपाल, छपाई आणि कचेरीतल्या सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर बघणारे कारकून. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. आणि मी.

त्या शुक्रवारी अहवाल गेला. मी काही बोलले नाही.

बोलायचं तर कुणाकडे? बाईंकडे जावं, तर आठ महिने त्या मला एकच गोष्ट विचारत होत्या. अहवालावर दोन सह्या लागतात. एक मास्तरांची, दुसरी आधी गेलेल्या सहायकाची. ती जागा रिकामी झाल्यापासून दुसरी सही बाईच करत होत्या. "दुसरी सही तू करायला लाग," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "बघते." मला आकडे काढायला आवडतं, आकड्यांखाली उभं राहायला नाही. आता वाटायला लागलं, बाईंना माझी सही इतकी का हवी आहे? मनात एकदा कली शिरला की चांगल्या माणसाचा चांगुलपणासुद्धा पुरावा वाटतो.

घरी मी आणि अप्पा. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद झालं, तरी जुनी गिऱ्हाइकं घरी येतात. त्या शनिवारी ते खिडकीशी बसून एका घड्याळाच्या झाकणाची आतली बाजू भिंगातून बघत होते.

"अप्पा, काय वाचताय?"

"याच्या पोटात कोण कोण जाऊन आलं ते." त्यांनी झाकण माझ्याकडे केलं. आत सुईने कोरलेल्या बारीक ओळी होत्या. तारीख, एक अक्षर, एक अंक. "आमच्यातली रीत आहे. घड्याळ उघडलं की आत खूण करायची. कधी उघडलं, कुणी, कितवं काम."

"गिऱ्हाइकाला दिसत नाही ना?"

"गिऱ्हाइकाला कशाला दिसायला हवं? पुढच्या कारागिराला दिसलं म्हणजे झालं. झाकण लागलं की सगळे साव."

सोमवारी मी फाइलचं नाव बदललं. आता ते नुसतं 'निकाल' राहिलं नाही. त्यापुढे तारीख, मग वेळ, मग सेशनचा क्रमांक, मग यंत्राचा क्रमांक. डेटाबेसमध्ये कुणीही शिरलं की त्या फेरीला एक क्रमांक मिळतो, दवाखान्यात केसपेपरला मिळतो तसा. त्याला सेशन म्हणतात. डेटाबेसला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. फाइल काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सात ओळी वाढल्या. आता एका फाइलवर दुसरी बसणार नव्हती.

आवक-जावक अर्ध्या तासात माझ्या टेबलाशी आले.

"ताई, हे फाइलचं नाव आहे की लग्नपत्रिका?"

"तारीख घातली आहे, भाऊ. जुनी फाइल पुसली जायला नको म्हणून. सगळ्यात खालची छापायची."

"आणि तारखेच्या पुढची ही शेपटी?"

"ती यंत्र आपोआप लावतं."

हे खोटं नव्हतं. पण खरंही पुरतं नव्हतं. मास्तर हातातली परीक्षानळी उजेडात धरून ऐकत होते. "तारीख चांगली," ते म्हणाले. "पोरगी कुणाची आहे ते दिसतंय." त्यांनी शेपटीबद्दल विचारलं नाही. मला ते खटकलं. विचारलं असतं तरी खटकलं असतं.

त्यानंतर मी रोज त्या फाइलींची यादी वाचू लागले. दुसऱ्याच्या घरातले दिवे मोजावेत, तसं ते काम होतं आणि मला त्याची लाज वाटत होती, पण मी थांबले नाही. आवक-जावकांनी मंगळवारी एकाच सेशनमध्ये अकरा वेळा फाइल काढली होती. नंतर कळलं, प्रिंटरमध्ये कागद नव्हता आणि दोष फाइलचा आहे असं त्यांना वाटत होतं. बाईंच्या यंत्रावरून मात्र सकाळी आठ पस्तीसला एक फाइल निघायची. सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही. आम्ही नऊला येतो. पंचवीस मिनिटं त्या एकट्याच. मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बुधवारी बाईंनी जाता जाता विचारलं, "मग? सहीचं काय ठरलं तुझं?"

"बघते, बाई."

"अगं, बघून बघून डोळे गेले तुझे," त्या हसून म्हणाल्या. मला ते हसू मोजून घ्यावंसं वाटलं.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा घेतली. अप्पांच्या डोळ्यांची तपासणी होती. तीन वाजता परत आले आणि यादी उघडली. एक बेचाळीसला एक फाइल. एक एकोणपन्नासला दुसरी. सेशन एकच, तीनशे अकरा. यंत्राचा क्रमांक चार.

चार नंबर माझा. टेबलाखाली स्टिकर आहे.

दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या. एक बाइटचा फरक. दोनशे एकोणचाळीस ओळी जशाच्या तशा. एकशे सतराव्या ओळीत आधी अकरा पॉइंट तीन होतं, सात मिनिटांनी नऊ पॉइंट चार. तो नळ एका प्राथमिक शाळेच्या अंगणातला होता. नमुना घेणाऱ्याने शेऱ्यात लिहिलं होतं, 'उंची कमी, लहान मुलांसाठी.'

मी खुर्चीत बसले. खुर्ची दोन बोटं खाली केलेली होती. चौघांत माझ्याहून ठेंगणे एकटे मास्तर. माझ्या यंत्राचा पासवर्डही पहिल्या दिवशी त्यांनीच ठेवून दिला होता, अप्पांच्या दुकानाचं नाव. मी तो कधी बदलला नाही.

म्हणजे बाई नव्हेत. वाटलं होतं, कळल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. या माणसाने मला काच कशी धुवायची ते शिकवलं होतं, तीनदा साध्या पाण्याने, तीनदा शुद्ध. शाळेकडून कुणी येऊन भेटलं होतं का? कुलूप लागलं की शाळेची नाचक्की होते. पाच आठवड्यांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला कुणी काय देऊ केलं असेल? मी नको नको ते विचार करत गेले. आणि त्या सगळ्यांच्या बुडाशी एक साधी गोष्ट होती. फाइलच्या नावात मास्तर कुठेच नव्हते. तिथे मी होते. चोर पकडायला लावलेल्या पिंजऱ्यात माझंच शेपूट अडकलं होतं.

दोन्ही फाइली पुसून टाकायला दोन सेकंद लागले असते. मग नाव पुन्हा नुसतं 'निकाल', आणि मुलं पाणी प्यायली असती. मी फाइली ठेवल्या. पण उठून मास्तरांकडेही गेले नाही.

संध्याकाळी अप्पांच्या टेबलावर एक ओळखीचं घड्याळ दिसलं. पट्ट्यावर रसायनाचा पिवळा डाग.

"हे मास्तरांचं ना?"

"परवा ठेवून गेले. साफसफाईला." डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते माझ्याकडे दिलं. "किती वाजलेत त्यात बघ."

मी बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पाच मिनिटं पुढे आहे."

"असणारच. पूर्वी ते रोज पाच मिनिटं मागे पडायचं. मास्तर सकाळी उठून पाच मिनिटं पुढे करायचे. दीड वर्षापूर्वी मी त्याची स्प्रिंग बदलली, आता सेकंदाचा फरक पडत नाही. तरी हा गृहस्थ पाच मिनिटं पुढे करतोच. म्हटलं, अहो, दुरुस्त झालंय. तर म्हणतात, तुमचं झालं, माझ्या हाताचं काय?"

मी काटे पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितले.

"काय गं? काय बघतेस?"

"काही नाही. अप्पा, दुरुस्त झालेलं घड्याळ पुन्हा दुरुस्त केलं की काय होतं?"

"बिघडतं," अप्पा म्हणाले. "आणि करणाऱ्याला वाटतं, आपण फार वक्तशीर."

शुक्रवारी नऊला मी पोचले तेव्हा आवक-जावक बाईंच्या दालनातून बाहेर येत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, बाईंनी बोलावलंय." ते माझ्याशी कधी न बघता बोलत नाहीत.

बाईंच्या टेबलावर दोन छापील याद्या होत्या. मास्तर खिडकीशी उभे होते.

"बस," बाई म्हणाल्या. "आवक-जावकांनी काल चुकून दोन्ही फाइली छापल्या. एकशे सतरा नंबरला वेगवेगळे आकडे आहेत. नावाच्या शेवटी चार आहे. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं, चार नंबरचं यंत्र तुझं." त्यांनी चष्मा काढला. "मी पंधरा वर्षं तुला ओळखते. म्हणून आधी तुला विचारते आहे."

"मी काल तीनपर्यंत नव्हते, बाई."

"ते हजेरीत आहे. पण तुझा पासवर्ड तुझ्याकडेच असतो ना?"

मी मास्तरांकडे बघितलं नाही. मी एवढंच विचारलं, "मास्तर, या आठवड्यात कोऱ्या पाण्याचा आकडा किती आला होता?"

कोरं पाणी म्हणजे शुद्ध पाणी. ते यंत्रातून आधी काढतात. शिसं नसतानाही यंत्र थोडंसं दाखवतं, आणि ते प्रत्येक नळाच्या आकड्यातून वजा करायचं असतं.

"एक पॉइंट नऊ," मास्तर म्हणाले. लगेच म्हणाले, विचार न करता. मग माझ्याकडे वळले.

"अकरा पॉइंट तीनमधून एक पॉइंट नऊ गेले की नऊ पॉइंट चार," मी म्हणाले.

"बरोबर. कोरं वजा करायलाच हवं. यंत्राला ते कळत नाही. मी केलं. लपवायचं काय त्यात?" ते बाईंकडे बघून म्हणाले. "हिच्या खुर्चीत बसून केलं, कारण तो प्रोग्रॅम तिथेच आहे. तुमच्या खोलीत तुम्ही सकाळी आठपासून ठाण मांडून असता."

"घरी सुनेची शिकवणी चालते, शांतता नसते," बाई म्हणाल्या. "अहवाल मी इथे येऊन वाचते. पण मास्तर, यंत्र कोरं वजा करतं. दीड वर्षापूर्वी नवा प्रोग्रॅम बसवला तेव्हापासून ते स्वतःच करतं. मी तुम्हाला कागद दिला होता."

"कागद दिला होता." मास्तरांनी परीक्षानळी धरावी तशी दोन बोटं उजेडात धरली. "यंत्र म्हणतं, मी वजा केलं. केलं की नाही, कुणी बघितलं? तीस वर्षं हाताने केलेलं काम मी यंत्राच्या तोंडी शब्दावर सोडून देऊ?"

"मग सगळ्या नळांचं का नाही केलंत?" मी विचारलं. "दोनशे चाळीसपैकी एकाचंच का?"

"अगं पोरी, पाचाचे तीन झाले काय आणि पंचविसाचे तेवीस झाले काय, काय फरक पडतो? काठावरचा आकडा असेल तरच बघायचं. उगाच कुणाच्या नळाला कुलूप लागायला नको."

मास्तर स्वतःचं वाक्य ऐकत असावेत असं मला वाटलं, कारण त्यांची बोटं हळूहळू खाली आली.

"म्हणजे दोनदा वजा झालं," ते म्हणाले.

"हो."

"काठावरच्या प्रत्येकाचं."

"किती असतील, मास्तर?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून छोटी डायरी काढली. गेल्या दीड वर्षातल्या नोंदी होत्या. तारीख, नळ क्रमांक, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. सुईने कोरल्यासारखं बारीक अक्षर. शेवटून दुसरी नोंद गेल्या आठवड्याची होती, दहा पॉइंट सहाचे आठ पॉइंट सात. माझा हरवलेला एक बाइट. तो एका दवाखान्याच्या प्रसूती कक्षातला नळ होता.

"एकवीस," मास्तर म्हणाले. मग डायरी टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा एका मिनिटात निवृत्त झाला होता. मी आठ दिवस या माणसावर आणि समोरच्या बाईवर मनातल्या मनात खटले चालवले होते. गेल्या गुरुवारी तोंड उघडून साधा प्रश्न विचारला असता, तर प्रसूती कक्षातल्या नळाला शुक्रवारीच कुलूप लागलं असतं. हे मी वहीच्या कुठल्या समासात लिहिणार होते?

बाईंनी डायरीतली एकेक नोंद वाचून काढली. दहा वाजत आले होते. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं.

"आज एकशे सतरा आपण नीट करून पाठवू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या मागच्या वीस नळांचे नमुने गुपचूप परत मागवू. पाच आठवडे जाऊ देत. मास्तर सन्मानाने जाऊ देत. मग बघू." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतेस?"

त्या बघू म्हणाल्या आणि मला माझाच आवाज ऐकू आला. आठ महिन्यांचा.

मास्तर मान खाली घालून मनगट चोळत होते. घड्याळ नव्हतं तिथे, कातडीवर पट्ट्याची पांढरी खूण होती.

"बाई," मी म्हणाले, "दुसरी सही आजपासून मी करते. एकशे सतरावर अकरा पॉइंट तीन लिहून. आणि डायरीतले बाकीचे वीस नळ याच टपालाने जातील, खरे आकडे, आजची तारीख आणि खाली माझं नाव घालून."